तुमचा तास, तुमची मुलं

पत्र

मी नागपुरातल्या एका कॉलेजात बी.एस्सी.ला संख्याशास्त्र शिकवते. तासिका तत्त्वावर, हे चौथं वर्ष. वर्गातली निम्मी मुलं काटोल, सावनेर, रामटेककडून रोज ये-जा करतात. गाडी लेट झाली की पहिला तास गेलाच. संत्र्याची तोडणी सुरू झाली की काटोलकडची दोन-तीन मुलं आठ-आठ दिवस दिसत नाहीत. त्यांनी मागितलं, ‘मॅडम, तास रेकॉर्ड करून द्या ना.’ मला ते पटलं. विभागप्रमुखांना विचारलं तर ते म्हणाले, ‘करा, पण सगळे तास विभागाच्या यूट्यूब चॅनलवर टाका, कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकला दाखवता येईल.’ तेव्हापासून झोप उडाली आहे. शिकवताना माझ्या बोलण्यात मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्ही येतात. आकड्यांचा पसारा मोजताना ‘एन’ऐवजी, म्हणजे आकडे जितके तितक्यांऐवजी, ‘एन उणे एक’ने का भागायचं, हे मी तर्री पोह्यांच्या बिलावरून सांगते. ते जगासमोर कसं दिसेल? कुणी चुकीचा तुकडा कापून फिरवला तर? मुलं वर्गात यायचीच बंद झाली तर? आणि जे कुणाशी बोलले नाही ते तुम्हाला सांगते: सगळे तास कॉलेजकडे साठले, तर पुढच्या जूनमध्ये मला कशाला बोलावतील?

एक शिक्षिका, नागपूर

उत्तर

ताई, रेकॉर्डिंग करा. मुलांनी मागितलं तसं करा, विभागप्रमुख म्हणतात तसं करू नका. या दोन गोष्टी वरून सारख्या दिसतात, पण त्यांचा एकमेकींशी फारसा संबंध नाही. तुमच्या पत्रातल्या बहुतेक भीती दुसऱ्या गोष्टीच्या आहेत, पहिलीच्या नाहीत.

मुलांना काय हवंय ते आधी बघू. नुसती संख्याशास्त्राची व्याख्यानं हवी असती तर त्यांना तोटा नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाचे अभ्यासाचे कार्यक्रम १५ ऑगस्ट १९८४ पासून दूरदर्शनवर लागायचे, मी ते घरी बसून पाहिले आहेत. २००३ पासून आयआयटीवाल्यांचं ऑनलाइन व्याख्यानांचं एनपीटीईएल आहे. जुलै २०१७ मध्ये केंद्र सरकारचं ऑनलाइन अभ्यासक्रमांचं ‘स्वयम्’ आलं, सोबत ‘स्वयम् प्रभा’च्या ३२ वाहिन्या आल्या. मोठमोठ्या प्राध्यापकांची नीट चित्रित केलेली व्याख्यानं काटोलच्या पोराच्या खिशात फुकट पडून आहेत. तरी तो तुमच्यापाशी येऊन म्हणतो, मॅडम, तुमचा तास द्या.

कारण पोह्यांचं बिल तुमच्याकडे आहे. पाच मित्र तर्री पोहे खाऊन उठले, सरासरी माणशी ४० रुपये आली, चौघांनी किती दिले ते कळलं, की पाचव्याचा आकडा आपोआप ठरतो. त्याला स्वतःचं काही म्हणणं उरत नाही. मोकळे आकडे चारच, म्हणून भागायचं पाचने नाही, चारने. तुम्ही नेमकं असंच सांगत असाल की थोडं वेगळं, मला माहीत नाही, पण पोह्यांवरून सांगता म्हटल्यावर मला तर ते लगेच दिसलं. पुस्तकात हीच गोष्ट इंग्रजीत दोन ओळींत उरकलेली असते आणि मुलं ती पाठ करून मोकळी होतात. तिन्ही भाषा मिसळून बोलता याची लाज अजिबात वाटून घेऊ नका. पुस्तक इंग्रजीत, पेपर इंग्रजीत, घरी मराठी, गावात आणि गाडीत हिंदी. नागपूरच्या वर्गात शिकवणारी बाई या तिन्हींत ये-जा करणारच. मुलांना पुन्हा ऐकायचं आहे ते हेच.

आणि म्हणूनच हे रेकॉर्डिंग वर्गापुरतं ठेवा. वर्गात बोललेलं चार भिंतींच्या भरवशावर बोललेलं असतं. आपण एखादं गणित फळ्यावर चुकवतो, मुलगी मागून सांगते, आपण पुसून पुन्हा मांडतो. वर्गाला त्यातून चूक कशी शोधायची तेही कळतं. हाच तुकडा चॅनलवर गेला की बाहेरच्याला नुसती बाईंची चूक दिसते. तसा प्रसंग आपल्यावर येईल या धास्तीने तुम्ही जपून बोलायला लागाल, पोहे सोडून पुस्तकी वाक्यं बोलाल, आणि मग त्या रेकॉर्डिंगमध्ये मुलांना हवं होतं तेच नसेल.

आता कसं करायचं ते. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण इथेच बहुतेकांचं फसतं.

माझंही फसलं होतं. माझे एक सर निवृत्त होणार होते, त्यांचा शेवटचा तास. एप्रिलचा महिना. आम्ही जुने विद्यार्थी मुद्दाम आलो होतो. मी शेवटच्या बाकावर फोन उभा केला, चित्र अगदी छान येत होतं, सगळा फळा चौकटीत. घरी येऊन लावलं तर पाऊण तास फक्त कूलर. खिडकीतला मोठा पत्र्याचा कूलर माझ्यापासून चार फुटांवर होता आणि सर तीस फुटांवर. सरांचे ओठ हलताना दिसतात, हात फळ्यावर फिरतो, मध्येच वर्ग हसतो, पण ते काय बोलले ते मला आजही कळत नाही. सर आता नाहीत. ती फाइल मी पुसलेली नाही, पण ती ऐकवत नाही.

म्हणून सांगते, कॅमेऱ्याचा विचार नंतर करा, आधी आवाजाचा करा. मोकळ्या जागेत तोंडापासूनचं अंतर दुप्पट झालं की आवाजाची तीव्रता चौथाईवर येते. वर्गात भिंतींमुळे हिशेब थोडा बदलतो, पण मुद्दा तोच. सगळ्यात भारी फोन शेवटच्या बाकावर ठेवण्यापेक्षा साधा फोन तुमच्या खांद्याजवळ असलेला बरा. सीताबर्डीला मोबाईलच्या कुठल्याही दुकानात वायरचा कॉलर माइक मागा, हजार रुपयांच्या आत मिळतो. घेताना त्याची पिन बघा: पिनेवर तीन काळ्या रेघा असतील तर तो मोबाईलला चालतो, दोनच असतील तर तो कॅमेऱ्यासाठीचा, फोन त्याला ओळखत नाही. फोनला गोल भोक नसेल तर टाइप-सी पिनेचा मागा. दुकानातच स्वतःच्या फोनला लावून दोन वाक्यं बोला आणि ऐकून मगच पैसे द्या.

माइक हनुवटीच्या वीतभर खाली लावायचा. ओढणी किंवा पदर त्यावर घासणार नाही असा, मंगळसूत्र वाजत असेल तर दुसऱ्या बाजूला. फोन खिशात किंवा कमरेला, एअरप्लेन मोडवर, कारण मध्येच फोन आला तर बऱ्याच हँडसेटमध्ये रेकॉर्डिंग थांबतं आणि आपल्याला पत्ता लागत नाही. कूलर बंद करायला मी सांगणार नाही, एप्रिलमध्ये नागपूरच्या वर्गात ते पाप आहे. फक्त शिकवताना त्याच्या झोताच्या समोर उभं राहू नका, आणि माइकवर स्पंजची टोपी असू द्या. उरलेली घरघर ऑडॅसिटी नावाच्या मोफत प्रोग्रामने बरीच कमी होते. त्यासाठी रेकॉर्डिंग सुरू केल्यावर पहिले पाच सेकंद काही बोलू नका. ती नुसती घरघर तुम्ही निवडून दाखवली की प्रोग्राम तेवढाच आवाज बाकी तासातून वजा करतो. जास्त वजा केलं तर आपलाही आवाज डब्यातून आल्यासारखा होतो, म्हणून हात आखडता ठेवा.

चित्राचं काय? माझं मत आहे की तुम्हाला व्हिडिओची गरजच नाही. तुमच्या मुलांचा हिशेब करा. फोनवर १०८०च्या दर्जाचं एक तासाचं चित्रण चार ते आठ जीबी होतं. ते चढवायला तुमची रात्र जाणार, उतरवायला त्यांचा दिवसाचा नेटपॅक जाणार. आवाज मात्र ६४ केबीपीएसवर मोनो ठेवला तर ४८ मिनिटांचा तास सुमारे २३ एमबीत बसतो. फळा भरला की पुसण्याआधी फोटो काढायचा, एका तासात असे पाच-सहा फोटो होतात. आवाज आणि फोटो मिळून चाळीस एमबीच्या आत. रामटेकच्या गाडीत उभ्याने प्रवास करणारी मुलगी कानात इअरफोन घालून हे ऐकू शकते, फोटो उघडून बघू शकते. व्हिडिओ ती बघणार नाही.

फोटो काढायचं काम एका मुलीकडे किंवा मुलाकडे सोपवा. आणि तुमची एक सवय बदला: फळ्याकडे बोट दाखवून ‘हे इकडे आलं, ते तिकडे गेलं’ असं म्हणू नका. ‘दुसऱ्या ओळीतला वर्ग विस्तारला’ असं म्हणा. ऐकणाऱ्याला फोटोत ती ओळ सापडली पाहिजे. फळ्याच्या कोपऱ्यात फोटोचा क्रमांक लिहा आणि तोंडाने म्हणा, ‘फळा तीन’. ही सवय लागायला आठवडा जातो. पुढे समोर बसलेल्या मुलांनाही त्याचा फायदा होतो, विशेषतः ज्यांना फळा नीट दिसत नाही त्यांना.

मुलांच्या शंका हा नाजूक भाग. रेकॉर्डिंग चालू आहे म्हटलं की मागच्या बाकावरची मुलगी तोंड उघडत नाही. आपला प्रश्न बावळट निघाला तर तो कायमचा राहील, ही तिची भीती तुमच्याच भीतीसारखी आहे. पहिल्या दिवशी वर्गाला सांगा की माइक फक्त माझा आवाज घेतो, प्रश्न मी माझ्या शब्दांत परत म्हणेन, कुणाचं नाव घेणार नाही. आणि ते पाळा. रेकॉर्डिंग सुरू आणि बंद करताना तोंडाने सांगा. गणितं सोडवून घेण्याचा तास तर रेकॉर्ड करूच नका, तो हातानं करायचा असतो, ऐकायचा नसतो.

ठेवायचं कुठे? कॉलेजचं मूडल, म्हणजे अभ्यासाचं साहित्य ठेवायची वेबसाइट, चालू असेल तर तिथे, नसेल तर गूगल क्लासरूम. वर्गात नाव असलेल्या मुलांनाच दिसेल असं ठेवा. यूट्यूबवर ‘अनलिस्टेड’ केलं म्हणजे खासगी झालं असं कुणी सांगेल. तसं नाही. ती लिंक ज्याच्या हातात पडेल तो बघू शकतो आणि पुढे पाठवू शकतो. गूगल ड्राइव्हवर डाउनलोड बंद करता येतं, पण माझा सल्ला उलटा आहे: मुलांना डाउनलोड करू द्या. सावनेरच्या बसमध्ये सगळ्या वाटेवर नेट मिळेल असा भरवसा धरू नका. ज्याला चोरायचं आहे तो कशीही चोरेल, त्याच्यासाठी बाकीच्या चाळिसांना त्रास नको.

आणि हे विसरू नका: क्लासरूम कॉलेजने दिलेल्या ईमेलवर उघडला असेल, तर सत्र संपून तुमचं खातं बंद झालं की तुमचे सगळे तास त्याच्यासोबत जातील. मूळ फाइल रोज घरच्या हार्ड डिस्कवर उतरवा.

आता कागद. तुम्ही लिहिलं नाहीत, पण तुमचा हा समज पत्रात दिसतो की आपण तासावरचे, आपला कसला हक्क. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात कलाकार कोणाला म्हणायचं याची यादी आहे. त्यात नट, गायक, वादक, नर्तक, कसरतपटू, जादूगार, गारुडी असे येतात आणि त्यांच्याच रांगेत, त्याच वाक्यात, ‘व्याख्यान देणारी व्यक्ती’ येते. म्हणजे तास घेताना तुम्ही कायद्याने कलाकार आहात. २०१२च्या दुरुस्तीने या कायद्यात आलेलं ३८ए कलम सांगतं की अशा व्यक्तीच्या सादरीकरणाचं ध्वनी किंवा चित्रमुद्रण करण्याचा, त्याच्या प्रती काढून लोकांना देण्याचा हक्क तिचा असतो. लगेच पुढचं ३८बी तुमच्या दुसऱ्या भीतीवरचं आहे: तुमच्या नावाला बट्टा लागेल अशी मोडतोड किंवा काटछाट कुणी केली तर ती थांबवण्याचा आणि भरपाई मागण्याचा हक्क तुम्हाला आहे, आणि बाकीचे हक्क दुसऱ्याला लिहून दिले तरी हा उरतो. उलट बाजूही सांगते. कलम ३९ प्रमाणे स्वतःच्या वापरासाठी किंवा खऱ्या शिक्षणासाठी केलेलं मुद्रण हक्कभंग ठरत नाही. तेव्हा एखाद्या मुलाने न विचारता फोन चालू ठेवला तर त्याला चोर ठरवू नका. समजावून सांगा की ऐकायला ठेव, गावभरच्या ग्रुपवर टाकू नको.

एक गाठ मात्र आहे. याच कायद्याप्रमाणे नोकरीच्या करारात काम करताना जे साहित्य तयार होतं त्याचा पहिला मालक, वेगळं काही ठरलेलं नसेल तर, नोकरी देणारा असतो. तुम्ही तयार करून वाटलेल्या नोट्सबद्दल उद्या कुणी हे कलम पुढे करू शकतं. तासिका तत्त्वावरची नेमणूक त्यात बसते की नाही यावर वकील तासभर भांडतील. तुम्हाला त्या भांडणात पडायचं नाही, म्हणून ‘वेगळं काही’ आधीच लेखी ठरवून घ्या. पहिला तास द्यायच्या आधी प्राचार्यांच्या नावाने, विभागप्रमुखांमार्फत, एवढा अर्ज द्या:

‘माझ्या तासांचे ध्वनिमुद्रण मी माझ्या वर्गात प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यांना उजळणीसाठी स्वेच्छेने उपलब्ध करून देत आहे. हे मुद्रण व सोबतची टिपणे चालू सत्रापुरती आहेत. माझ्या लेखी परवानगीशिवाय ती सार्वजनिक करू नयेत, त्यांत काटछाट करू नये आणि कोणत्याही शिक्षकाच्या तासाऐवजी ती वापरू नयेत. मूळ प्रती माझ्याकडे राहतील. यास मान्यता द्यावी, ही विनंती.’

दोन प्रती काढा. एक कार्यालयात द्या, दुसरीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेऊन पोच म्हणून घरी ठेवा, आणि प्राचार्यांचा शेरा येईपर्यंत पाठपुरावा करा. भांडायला जाताय असं समजू नका. हसतमुखानं द्या. कारकुनाला घाई असेल तर दुसऱ्या दिवशी जा, पण शिक्का घेतल्याशिवाय परतू नका.

विभागप्रमुखांना ‘नाही’ म्हणायची गरज नाही. त्यांना दाखवायला काहीतरी हवं आहे, ते वेगळं करून द्या. बारा-तेरा मिनिटांचे दोन व्हिडिओ, घरी बसून, नीट लिहून काढून. पॉवरपॉइंटमध्ये स्लाइडसोबत आवाज रेकॉर्ड करायची सोय आहेच, नाहीतर स्क्रीन आणि आवाज रेकॉर्ड करणारा ओबीएस स्टुडिओ हा प्रोग्राम मोफत आहे. पंधरा मिनिटांच्या आत ठेवलं तर यूट्यूबवर फोन नंबरच्या पडताळणीशिवायही चढतं. त्यावर तुमचं नाव पहिल्याच स्लाइडवर मोठ्या अक्षरात घाला. ते चॅनलवर खुशाल जाऊ द्या. जगासमोर जायचं ते तयारीनिशी गेलेलं बरं. आणि पोह्यांचं उदाहरण त्यातही ठेवा, माझा आग्रह आहे.

मुलं यायची बंद होतील का? काही होतील. जी फक्त ७५ टक्के हजेरीसाठी येतात त्यांना एक निमित्त मिळेल, हे मी लपवणार नाही. पण त्यांच्यासाठी तोडणीला गेलेल्या पोराला उपाशी ठेवायचं हे मला पटत नाही. रेकॉर्डिंग त्याच रात्री द्या, परीक्षेच्या तोंडावर एकदम सगळी देऊ नका. एकदम दिलेली चाळीस रेकॉर्डिंग कुणी ऐकत नाही. रोज दिलेलं एक रेकॉर्डिंग ऐकून तो पोरगा पुढच्या तासाला येऊन बसतो, आणि बसला की त्याला कळतं.

राहिली ती भीती, जी तुम्ही कुणाला सांगितली नाहीत. चार वर्षं दर जूनमध्ये जाहिरातीची वाट बघायची, मुलाखत द्यायची, नाव लागलं की नाही ते बघायचं आणि उन्हाळ्याचे महिने बिनपगारी काढायचे. मला ते दिवस ठाऊक आहेत, मीही त्यातून गेले आहे. म्हणून ‘रेकॉर्डिंग शिक्षकाची जागा घेऊच शकत नाही’ असला कोरडा दिलासा देणार नाही. जिथे पैसा वाचवायचा असतो तिथे काहीही केलं जातं. अर्जातली ‘कोणत्याही शिक्षकाच्या तासाऐवजी’ हे तीन शब्द त्यासाठीच आहेत. ते कुणी खोडायला सांगितले तर समजून जा की तुमची भीती बरोबर होती, आणि त्या दिवसापासून एकही फाइल देऊ नका. मुलांना उरलेल्या वेळात समोर बसवून शिकवा. कुणी खोडलं नाही तर निर्धास्तपणे द्या.

सोमवारपासून लगेच सुरू करू नका. आधी शनिवारी रिकाम्या वर्गात कूलर लावून, माइक लावून, दोन मिनिटं पोह्यांचं बिल सांगा. वर्गाच्या चारही कोपऱ्यांत फिरा, फळ्याकडे तोंड करूनही बोला. मग इअरफोन लावून ऐका. फळ्याकडे वळल्यावर आवाज किती पडतो ते तुम्हालाच कळेल. ती दोन मिनिटं मला पाठवा. माइक वर घ्यायचा की खाली, ते मी ऐकून कळवते.